फ्लेक्सवरची बाई

हेमकांत फोटोवाल्याला राग येतो असं खांडबाऱ्यात कुणी म्हणत नाही. राग त्याच्याकडे मुक्कामालाच असतो, तो येणार कुठून? स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्याच्या स्टुडिओत शिरण्याआधी माणसं बाहेर थांबून कानोसा घेतात. आतून आदळआपट ऐकू आली तर शेजारी उमेदमलशेठच्या कापडाच्या दुकानात टेकतात आणि आवाज खाली आला की उठतात. तेवढ्यात शेठ त्यांना दोन साड्या दाखवून घेतात. "मन्हं निम्मं गिऱ्हाईक यान्हा रागनी धाडेल शे," असं शेठ हेमकांतच्या तोंडावर म्हणतात, आणि गावात असं म्हणू शकणारे ते एकटेच.

त्याला सगळ्यात जास्त चीड होती ती एका वाक्याची. "भाऊ, हाऊ फोटो मोठा करी द्या." गिऱ्हाईक मोबाईल पुढे करी. फोटो कुठल्या तरी लग्नातला, पाच जणांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला, मांडवातल्या गर्दीत मागच्या रांगेत उभा असलेला बाप, आणि त्याचा चेहरा हरभऱ्याएवढा. तो बाप आता वारलेला असे, गंधमुक्तीचा कार्यक्रम तोंडावर आलेला असे, आणि पोरांना तो चेहरा बैठकीच्या दारावर टांगायला हवा असे. जिवंतपणी बापाला कुणी एकदा नीट उभं करून फोटो काढला नाही, आणि मेल्यावर त्याच्या मिशांचा केस न् केस दिसायला हवा.

"हाई काय रबर शे का? ताणं का मोठं व्हई?" हेमकांत ओरडे. "ह्या चेहराम्हा जे शेच नही ते मी कोठून आणू?"

गिऱ्हाईक मान खाली घाली आणि फोटो मात्र ठेवूनच जाई. कारण शिव्या कितीही खाव्या लागल्या तरी काम हेमकांतकडूनच करून घ्यायचं, हे नवापूरपासून नंदुरबारपर्यंत लोकांना माहीत होतं.

त्याचं शिक्षण फिल्मच्या रोलवर झालेलं. तापीकाठच्या गुजरांच्या घरातला पोरगा, घरची केळी आणि ऊस सोडून फोटोच्या नादी लागला म्हणून बापाने बोलणं टाकलं होतं. नंदुरबारला एका स्टुडिओत राहून तो काळ्या खोलीत रोल धुवायला शिकला आणि स्टेशन आहे तिथे गिऱ्हाईक आहे एवढा हिशेब करून खांडबाऱ्याला आला. स्टुडिओ उघडला तेव्हा पहिला फोटो त्याने आपल्या आईचा, अनुसयाबाईचा काढला. दाराशी काचेच्या कपाटात तो अजून आहे. कृष्णधवल, दोन हात उंच, डोक्यावरून पदर, नजर सरळ. पदराचा काठ असा उठलेला की बोट लावावंसं वाटतं. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. नवीन माणूस आला की हेमकांत त्याला त्या फोटोसमोर उभा करी आणि म्हणे, "हनुवटीवरना ठिपका देखा. कडा देखा त्यास्न्या. शाई कातडीम्हा जराशी पसरेल शे, ते बी दिसस. याले म्हनतस रोल." ज्याला ते दिसे त्याला फोटोतलं कळतं, ज्याला दिसत नसे तो गाढव. त्याच्या लेखी माणसांच्या एवढ्या दोनच जाती होत्या.

मग रोल गेले. धुण्याची औषधं मिळेनाशी झाली, कागद मिळेनासा झाला, आणि काळ्या खोलीत उमेदमलशेठच्या कापडाचे गठ्ठे राहायला आले. हेमकांतने डिजिटल कॅमेरा घेतला, तोही दात ओठ खात. पासपोर्टच्या फोटोला काही वाटत नसे. पण फोटो मोठा केला की तो फुटे. गालावर चौकोन उमटत, केसांची काजळी होई, डोळे मेणाचे दिसत. तो प्रिंट आईच्या फोटोशेजारी धरी आणि टराटरा फाडी.

तिथून पुढची कितीतरी वर्षं त्याची त्या एकाच ध्यासात गेली. डिजिटल फोटो मोठा करून रोलच्या तोडीला आणायचा. कुणी शिकवायला नव्हतं, असतं तर त्याच्याशीही भांडण झालं असतं. चुकत चुकत त्याला समजलं की फोटो एका दमात मोठा करायचा नाही, थोडा थोडा वाढवायचा. धार द्यायची ती अगदी शेवटी, आणि तीही सगळ्या चेहऱ्याला नाही. डोळ्यांना, भुवयांना, साडीच्या काठाला द्यायची, गालाला हात लावायचा नाही. शेवटी वरून बारीक दाणा पेरायचा, रोलच्या फोटोत असतो तसा, म्हणजे नजर फसते आणि कागद जिवंत वाटतो. असा प्रिंट तयार झाला की तो आईच्या फोटोशेजारी लावी आणि उमेदमलशेठला हाक मारी. शेठ चष्मा पुसून दोन्हींकडे बघत आणि बिनचूक आईच्या फोटोवर बोट ठेवत. "हाऊ रोलना." मग आदळआपट सुरू होई आणि गिऱ्हाईक शेठच्या दुकानात.

दोन वर्षांमागे एक नवीन प्रोग्राम आला. फुटका, धुरकट, कसाही फोटो त्यात टाकला की यंत्र स्वतःच चेहरा भरून काढतं. पापणीचे केस येतात, ओठांच्या रेषा येतात, डोळ्यांत चमक येते. हेमकांतने आधी त्या प्रोग्रामला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. मग तो विकत घेतला. पहिलाच प्रिंट काढून त्याने शेठला बोलावलं. शेठनी बराच वेळ बघितलं आणि नव्या फोटोवर बोट ठेवलं. "हाऊच रोलना दिसस."

हेमकांत त्या दिवशी कुणावरही ओरडला नाही. जे चेहऱ्यात नाही ते कुठून आणू, असं आयुष्यभर विचारणाऱ्या माणसाला आणून देणारा भेटला होता. त्याने कुठून आणलं हे मात्र हेमकांतने विचारलं नाही.

इकडे अनुसयाबाई म्हातारी झाली होती. बाप गेल्यावर ती हेमकांतकडे आली आणि स्टुडिओच्या पायरीवर बसायला लागली, स्वतःच्याच फोटोखाली. दात पडून गाल आत गेले होते. डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं, तो पांढरा दिसे. हेमकांतला तिचा नवा फोटो काढायचा होता, पण कॅमेरा रोखला की ती पदर ओढून घेई. "एक काढेल शे ना तू. तोच ऱ्हाऊ दे." तो चिडे, ती हसे. हल्ली ती फार विसरू लागली होती. चहा घेतलेला विसरे, जेवलेलं विसरे, हेमकांतला कधी नवऱ्याच्या नावाने बोलवे. आणि आखाजी जवळ आली की तिचा जीव पायरीवर ठरत नसे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात बाई माहेरी जाते. भाऊ न्यायला येतो. अनुसयाबाईचं माहेर धानोऱ्याचं, आणि तिचा भाऊ उखा दरवर्षी गाडी जुंपून येई. सासरच्या गावात शिरून पाहुणचारात वेळ घालवायला नको म्हणून तो फाट्यावरच थांबे, आणि ही बोचकं बांधून फाट्यावर जाऊन बसे. उखा जाऊन वीस वर्षं व्हायला आली. पण आता ते तिच्या लक्षात राहत नव्हतं, फाटा तेवढा राहिला होता.

त्या चैत्रात, आखाजीला आठ-दहा दिवस असताना, ती पायरीवरून उठली आणि गेली. हेमकांत आत बसला होता. कुणाच्या तरी मेलेल्या बापाला पापण्या लावत होता.

दुपारी जेवायला हाक मारली तेव्हा पायरी रिकामी. मग हेमकांतने आकाशपाताळ एक केलं. स्टेशन पालथं घातलं, बाजार पालथा घातला, विहिरी बघितल्या. उमेदमलशेठवर ओरडला, "शेजारी बठस ना तू? डोया कोठे व्हतात तुन्हा?" शेठ दुकान बंद करून त्याच्याबरोबर हिंडले. बायकोवर ओरडला, रिक्षावाल्यांवर ओरडला, स्टेशनवरच्या हमालावर ओरडला. संध्याकाळपर्यंत नंदुरबारहून त्याची धाकटी बहीण हेमांगी येऊन पोचली. तिच्यावरही ओरडला, उशीर का झाला म्हणून.

पोलिसांत गेले तेव्हा हवालदाराने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, "अलीकडचा फोटो द्या. चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे."

गावातल्या दर घरात हेमकांतने काढलेला फोटो टांगलेला, आणि त्याच्याकडे आईचा अलीकडचा फोटो नव्हता. कपाटातला होता तो तीस वर्षांपूर्वीचा. त्यातली बाई शोधून काय उपयोग, हे त्यालाही कळत होतं. शेवटी हेमांगीच्या मोबाईलमध्ये एक निघाला. गेल्या श्रावणात कानबाईच्या सणाला तिने आईला न कळत काढलेला. प्रसादाचा रोट खाताना, मान वळवलेली, तोंड अर्धवट उघडं, हात हललेला. लांबून काढलेला, अंधुक. मोठा केला की नुसता फुटे.

"येवढाच शे का? मोबाईल लेता येस, नीट फोटो काढता येस नही?" हेमकांत म्हणाला.

"तुले काढता येस ना? तू काबर नही काढा?" हेमांगी म्हणाली. ती त्याचीच बहीण होती.

त्याने तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला. आधी आपल्या जुन्या पद्धतीने बघितला, थोडा थोडा वाढवून. चेहऱ्याचा नुसता पुसट आकार आला. मग त्याने नव्या प्रोग्राममध्ये टाकला. पडद्यावर आई आली. हेमकांत खुर्चीत सरळ झाला. दोन्ही डोळे लख्ख, पापण्यांचा केस न् केस, गाल भरलेले, ओठ मिटलेले, पदराचा काठ बोट लावावं असा. इतकी वर्षं ज्या एका फोटोची त्याने बरोबरी करायची धडपड केली, त्याच्या तोडीचा फोटो त्याच्यासमोर होता, आणि तोही त्याच बाईचा. आई हरवली आहे हे तो क्षणभर विसरला. मला त्याचा राग येतो तो इथे.

हेमांगी मागे उभी होती. ती म्हणाली, "हाई माय नही."

"काय नही?"

"माय नही ही. तिना डोया देख. आनि गोंदण कोठे गयं?"

गोंदण नव्हतं. यंत्राला ते डाग वाटले असतील, त्याने ते साफ पुसून टाकले होते. ज्या ठिपक्यांवर हेमकांतने जन्मभर लोकांची परीक्षा घेतली, ज्यांना ते दिसत नसत त्यांना गाढव ठरवलं, ते त्याच्या आईच्या हनुवटीवरून गेले आणि त्याला दिसलं नाही. बहिणीने दाखवल्यावर तरी दिसावं. पण तोवर त्याचा पारा चढला होता.

"गोंदण देखीसन वळखतस का मानूसले? चेहरा देख, चेहरा! इतला साफ फोटो आख्खा जिल्हाम्हा कोनी करी दाखाडी का?"

"तू मायले शोधी ऱ्हायना का तुन्हा फोटोले मिरवी ऱ्हायना?"

त्याने टेबलावरची पट्टी भिंतीवर फेकली. हेमांगीने हट्ट सोडला. मेलेल्याचा नाही तर हरवलेल्या माणसाचा प्रश्न होता, वाद घालायला वेळ नव्हता, आणि फोटोतलं भावाला कळतं हे तिला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं.

फ्लेक्स छापले. खांडबाऱ्याला एक, नवापूरला एक, आणि सगळ्यात मोठा विसरवाडीच्या चौफुलीवर, कारण सुरतेची वाहनं तिथूनच जातात. वर लाल अक्षरांत 'हरवली आहे', मध्ये ती बाई, खाली हेमकांतचा मोबाईल नंबर. फोटो एवढा मोठा करूनही कुठे फुटला नव्हता. फ्लेक्स बांधणारी माणसंसुद्धा खाली उतरून बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. हेमकांतने झडप घातली.

"भाऊ, तो विसरवाडीना बोर्डवरना फोटो कोठे करा?"

"दिसनी का ती? कोठे दिसनी?"

"नही भाऊ, बाई नही दिसनी. फोटो भारी शे. मन्हा आजाना फोटो असाच करी देशात का? जुना शे, फुटेल शे."

हेमकांतने त्या माणसाला फोनवरच इतकं झोडपलं की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबली. तासाभराने दुसरा फोन. एका शिक्षकाला निवृत्तीच्या कार्यक्रमासाठी बॅनर हवा होता. मग नवापूरची एक बाई, तिला नवऱ्याचा फोटो मोठा हवा होता आणि असाच, डोळे उघडे. आई कुठे दिसली असं सांगणारा एकही फोन नाही. आई हरवल्याच्या बोर्डावरून माणसाला धंद्याची गिऱ्हाइकं यावीत, यापेक्षा वाईट थट्टा ती काय असायची? हेमकांतने गावाला शिव्या घातल्या, जिल्ह्याला घातल्या. "आंधळास्ना मुलूख शे हाऊ," तो म्हणाला. "येवढा साफ चेहरा लायेल शे, एकबी माई ना लाल वळखत नही!" विसरवाडीला मोठा बोर्ड आहेच म्हणून ती सोडून, उन्हातान्हात तो मोटारसायकलवर गावोगाव फिरला, प्रत्येक पारावर तो फोटो नाचवत. माणसं बघत, माना हलवत आणि म्हणत, फोटो काय साफ आहे हो.

हेमांगी त्याच्याशी बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी, तो बाहेर असताना, तिने आपल्या मोबाईलमधला तोच अंधुक फोटो, अर्धवट उघड्या तोंडाचा, हललेल्या हाताचा, स्टेशनवरच्या एका जीपवाल्याला खांडबारा-विसरवाडी जीपवाल्यांच्या ग्रुपवर टाकायला लावला. खाली लिहिलं, डाव्या डोळ्यात फूल, तोंडात दात नाहीत, हनुवटीवर गोंदण. चहा उकळायच्या आत नवलसिंग नावाच्या जीपवाल्याचा फोन आला.

"ताई, हाई माय ते विसरवाडीले शे. मीच सोडी तिले."

हेमकांत आला, हेमांगीने सांगितलं, आणि तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी स्टेशनरोडने बघितलं. आई सापडली याचा आनंद त्याच्या तोंडावर यायच्या आतच रागाने जागा अडवली. हेमांगीला मागे बसवून विसरवाडीपर्यंत तो मोटारसायकलवर मोठमोठ्याने बोलत होता.

चौफुलीवर फ्लेक्सच्या खाली दिवलीबाईची भज्यांची गाडी असते. गाडीला लागून बाकडं, त्यावर पाचटाची सावली. आणि त्या सावलीत, मांडीवर बोचकं घेऊन, अनुसयाबाई बसली होती. तिच्या डोक्यावर, पुरुषभर उंचीवर, ती दुसरी बाई दोन्ही लख्ख डोळ्यांनी रस्त्याकडे बघत होती.

हेमकांत आधी नवलसिंगवर धावला. तो जीपला टेकून त्यांचीच वाट बघत उभा होता. "रोज याच बोर्डखालथून गाडी लई जास ना तू? डोया फुटनात का तुन्हा?"

"दादा, मी वाचा ना बोर्ड. रोज वाचा," नवलसिंग म्हणाला. "माले वाटनं कोनी शेठनी बाई व्हई. ही माय मन्ही गाडीम्हा बठनी, म्हने फाट्यावर सोड. मी सोडी. वर देखा, खाल देखा, माले कशी समजी?"

मग हेमकांत दिवलीबाईकडे वळला. "आनि तुमी? मन्ही मायले इतला दिन बठाडी ठेवी, आनि डोकावर नंबर लिखेल शे!"

दिवलीबाईने कढईतली भजी काढली, झारा ठेवला. पदराला हात पुसले. ती काही गरीब गाय नव्हती. "ओरडू नका भाऊ. तुमनी मायले मी जेवाडं, रातले घर नेयी, सकाय आठे लई उनी. ती रोज आठेच बठाना हट धरस. नाव इचारं त एकच सांगस, उखा येई. मी चार जनले इचारं, हाई ती बोर्डवरनी त नही ना? चारीस्नी वर देखं आनि सांगं, नही. तुमीच देखा ना. वरनी बाईले दोन डोया शेतस."

हेमकांतने वर बघितलं. मग खाली बघितलं.

खाली पांढरा पडलेला डोळा होता. आत गेलेले गाल होते. हनुवटीवर ठिपके होते, आणि आता वयाने त्यांच्या कडा आणखी पसरल्या होत्या, जवळजवळ एकमेकांत मिसळल्या होत्या. वर त्यातलं काही नव्हतं. त्याला आणखी ओरडायचं होतं. कुणावर ओरडावं ते सापडेना. हेमांगीने काही बोलायला हवं होतं, म्हणजे त्याला तिच्यावर तरी तुटून पडता आलं असतं.

अनुसयाबाईने त्याच्याकडे मान वळवली. चांगल्या डोळ्याने नीट बघितलं आणि तिचं तोंड हललं.

"उना का रे उखा? कितली वाट देखाले लावी."

"उनू," हेमकांत म्हणाला.

"गाडी कोठे शे?"

"शे. तथी उभी शे."

ती बोचकं सावरून उठायला लागली. हेमांगीने तिला धरलं, आणि रडायला आलं म्हणून तोंड फिरवलं. हेमकांत मात्र तिथून सरळ फ्लेक्सच्या बांबूकडे गेला. दिवलीबाईच्या बाकड्यावर चढला, खालची दोरी तोडली आणि फ्लेक्सचं टोक दोन्ही मुठींत धरलं. आयुष्यभर फुटके प्रिंट फाडले तसाच त्याला हा फाडायचा होता, उभा, मधोमध, त्या स्वच्छ कपाळापासून त्या स्वच्छ हनुवटीपर्यंत. फ्लेक्स हाताने फाटत नाही. तो दातओठ खाऊन ओढत होता, बांबू करकरत होता, आणि रस्त्यावरचे ट्रकवाले बघत होते.

"ये, काय करी ऱ्हायना तू?" अनुसयाबाई खालून म्हणाली. "फाडू नको ते."

"फाडू नही त काय करू?"

"कोनानी तरी माय शे ती. हारपेल शे बिचारी. मी इतला दिन आठे बठेल शे, तिले लेवाले कोनीच उनं नही. माले लेवाले त तू उना." तिने हात पुढे करून त्याच्या पायाला धरलं. "तू ते काढी टाकशी त तिना पोरेस्ले कसं समजी?"

हेमकांतने मुठी सोडल्या. बाकड्यावरून खाली उतरला. तोडलेली दोरी त्याने पुन्हा गाठ मारून बांधली. मग नवलसिंगच्या जीपमध्ये आईला पुढच्या सीटवर बसवून तो तिला घेऊन गेला. खांडबाऱ्याला नाही, आधी धानोऱ्याला, कारण धानोरं आलं का, असं ती वाटेत सारखी विचारत होती. उखाच्या सुनांनी दोघांना घरात घेतलं. आखाजी होईपर्यंत अनुसयाबाई माहेरी राहिली, आणि हेमकांतही तिथेच राहिला, उखा म्हणून.

फ्लेक्स चौफुलीवर अजून आहे. ऊन खाऊन लाल अक्षरं फिकी पडली, बाई मात्र तशीच लख्ख आहे. त्यावरच्या नंबरला अजून फोन येतात. बरेचसे फोटो मोठा करून मागणारे, त्यांना हेमकांत पूर्वीसारख्याच शिव्या घालतो. पण कधी एखादा ट्रकवाला, कधी एखादी बाजाराला निघालेली बाई, मनापासून काळजीने विचारते, भाऊ, ती बोर्डवरनी माय सापडनी का? तेव्हा तो ओरडत नाही. पायरीवर बसलेल्या आईकडे बघतो, कपाटातल्या तीस वर्षांपूर्वीच्या बाईकडे बघतो.

"नही," तो म्हणतो. "ती काही सापडनी नही."